ओठांवरचा निखारा

मी राहतो वसईतल्या होळीला. गावाच्या नावात सण, कानावर चर्चची घंटा आणि मी मराठीत कविता करणारा मुसलमान. बाहेरगावच्या कविसंमेलनात अशी ओळख करून दिली की लोक हसतात. वसईत कुणी हसत नाही. इथे शेजाऱ्याचा देव हा शेजाऱ्याइतकाच ओळखीचा असतो. म्हणून आज मी बायबलमधल्या एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘पवित्र’.

मराठीत पवित्र म्हटले की आंघोळ, सोवळे, तीर्थ हे सारे मागोमाग येते. बायबलच्या जुन्या करारातला हिब्रू शब्द आहे ‘कादोश’. त्यात वेगळे काढून ठेवण्याचा भाव आहे. देवघरातला तांब्या आपण चहासाठी घेत नाही, कुराण उंच फळीवर ठेवतो, तसा. अरबीतला ‘कुद्दूस’ याच शब्दाचा भाऊ. ते अल्लाहचे एक नाव आहे आणि जेरुसलेमला अरबीत ‘अल-कुद्स’ म्हणतात. त्यामुळे बायबल हाती घेतले तेव्हा मला परक्या घरात शिरल्यासारखे वाटले नाही.

या पावित्र्याचे सर्वांत जिवंत चित्र यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, सहाव्या अध्यायात आहे. उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी यशयाला दर्शन झाले. उंच सिंहासन, मंदिरभर पसरलेला वस्त्राचा घोळ, धूर, हादरणारे उंबरठे. सिंहासनापाशी सराफीम नावाचे देवदूत. प्रत्येकाला सहा पंख. दोन पंखांनी ते चेहरा झाकतात, दोन पंखांनी पाय, आणि उडायला उरतात दोनच. सहांपैकी चार पंख अदबीसाठी आणि दोन कामासाठी! हा हिशेब मला फार आवडतो. आपला हिशेब नेमका उलटा असतो.

ते देवदूत एकमेकांना हाक देऊन ‘पवित्र’ हा शब्द तीनदा उच्चारतात. हे ऐकून यशया घाबरतो. पण घाबरल्यावर त्याला काय आठवते? हात नव्हे, मन नव्हे, ओठ. आपले ओठ अशुद्ध आहेत आणि आपण राहतो ती माणसेही तशीच, असे तो म्हणतो. मग एक सराफ वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून त्याच्या ओठांना लावतो आणि त्याचे पाप दूर होते. त्यानंतरच त्याला लोकांकडे बोलायला पाठवले जाते. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने इथे थांबावेच. उर्दूत ‘अदब’ म्हणजे आदर आणि ‘अदब’ म्हणजेच साहित्यही. निखारा न लागलेले ओठ किती बोलतात, हे संमेलनांत बसून मी पुष्कळ ऐकले आहे.

ती तिहेरी हाक आजही प्रत्येक मिस्सात म्हटली जाते. १९६० च्या दशकापर्यंत वसईतली मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) ती मराठीत आली. आमचे एक वृद्ध शेजारी म्हणायचे, “लॅटिनमधलं कळायचं नाही, पण अंगावर काटा यायचा.” मला ते पटायचे, कारण माझी नमाजही अरबीतच आहे. तरीही काटा न कळण्यामुळेच येतो, हे मला मान्य नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, त्याला साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये ते गेले. पावित्र्य कळले म्हणून कमी होत नाही, हे त्यांच्या मराठीने दाखवले. वसईची हिरवळ वाचवण्याच्या आंदोलनात उतरलेला हा धर्मगुरू होता, हेही विसरू नये. मोशेला पायांतली पायताणे काढायला सांगितले ते काही मंदिरात नव्हे, मेंढरे चारायच्या रानात. कुराणात ‘ताहा’ या सूरेतही तोच प्रसंग आहे.

पण पायताणे काढली की भक्ती झाली, असे बायबल म्हणत नाही. लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडा. देव सांगतो की मी पवित्र आहे, तुम्हीही पवित्र व्हा. आता धूप, दीप, उपवास यांची यादी येईल असे वाटते. थोडे विधी येतातही. पण भर आहे तो भलत्याच गोष्टींवर. शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. बहिऱ्याला शिवी देऊ नका. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. तराजू खरा ठेवा, माप खरे ठेवा. खोट्या मापाबद्दल कुराणात एक अख्खी सूरा आहे, त्यामुळे बाजारात काटा बघताना मला दोन्ही ग्रंथ आठवतात. आमोस संदेष्टा तर देवाच्या नावाने सांगतो की तुमचे सण आणि तुमची गाणी मला नकोत, न्याय वाहू द्या.

याच अध्यायात आणखी एक आज्ञा आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत तुझ्याजवळ राहता कामा नये. आमच्याकडे नाक्यावर रोज सकाळी मजूर उभे असतात. रविवारी मिस्साला जाणारे त्यांच्यासमोरून जातात, शुक्रवारी जुम्याच्या नमाजला जाणारे आम्हीही जातो. त्यांतल्या कुणाचे ना कुणाचे कालचे पैसे ‘उद्या ये’ या दोन शब्दांवर अडकलेले असतात.