छंद सोडू नका, वेळ ठरवा

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे कॉलनीत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडली गेली, तेव्हा विरोधाला उतरलेल्यांत अनेक विद्यार्थी होते. २९ जणांना अटक झाली, त्यांतही विद्यार्थी होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेत सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबरला आणखी झाडं तोडू नका, असा आदेश दिला. पुस्तकातली कलमं त्या मुलांनी झाडांसाठी वापरली. याला अभ्यासाबाहेरचं कोण म्हणेल?

पण बारावीच्या वर्षात वेळ मोजकाच असतो. अभियांत्रिकीच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आणि बहुतेक प्रश्न बारावीचे. क्रीडा सवलतीचे गुण बोर्डाच्या निकालात मिळतात, सीईटीत नाही. म्हणून शिबिरं, स्पर्धा, नाटकं अकरावीत भरपूर करा. बारावीत मनाला सर्वांत जवळची एकच गोष्ट ठेवा. सरावपरीक्षेचा दिवस मात्र त्यासाठी मोडू नका. आणि पालकहो, मूल संध्याकाळी तासभर खेळायला निघालं, तर कृपया त्याला अडवू नका.