हळद पिवळीच दिसू द्या

नांदेड असो की लातूर, कॅमेरा घेतलेली पोरं मला एकच विचारतात, "सर, माझी स्वतःची शैली कशी तयार होईल?" आणि त्याला जोडूनच, "कोणता प्रीसेट घेऊ?" पहिला प्रश्न चांगला आहे. दुसऱ्यानं त्याचं पार वाटोळं होतं.

प्रीसेट, म्हणजे फोटोच्या रंगांचे आयते ठरवलेले आकडे, घेऊ नका. फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्यात काय असतं? रंगांच्या एचएसएल पट्टीत यलो खाली ओढलेला, ग्रीनचं सॅच्युरेशन काढलेलं, शॅडोमध्ये निळसर टोन, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. पण हे आकडे दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच उजेडासाठी ठरवलेले असतात. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून तुम्हाला काय दिसणार?

परवा एक लग्नाचा अल्बम पाहिला. हळदीचा कार्यक्रम, आणि हळद मातकट! नवरीची आई मला विचारते, "पोरगी आजारी दिसते का हो?" अरे बाबांनो, ज्या दिवसाचं नावच हळद, त्या दिवशी तरी पिवळा रंग शिल्लक ठेवा! होळीच्या सुमारास नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराची हल्लाबोल मिरवणूक निघते. तिच्यातल्या निहंग शिखांच्या पेहरावाचा गडद निळा तुम्ही फिका करता. लाल कंधारी गाय भुरी करून टाकता. मालकाला स्वतःचं जनावर ओळखू येईना, याला शैली म्हणायचं?

मग शैली कशी असते? छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' हे पुस्तक पाहा. माणूस देखणा दिसावा म्हणून उजेड किती जपून टाकलाय! आता दुसरे छायाचित्रकार, सुधारक ओलवे. अकोल्याचा माणूस, २०१६ ची पद्मश्री. त्यांनी मुंबई महापालिकेचे सफाई कामगार टिपले, वर्षानुवर्षं, त्यांच्या घाणीतल्या कामासकट. दोघांचे फोटो नाव झाकूनही वेगळे ओळखू येतात, कारण कुणाकडे पाहायचं आणि किती जवळ जायचं, हे दोघांनी आपापलं ठरवलं. ओलव्यांचे ते फोटो कृष्णधवल आहेत. म्हणून लगेच ब्लॅक अँड व्हाइटचं बटण दाबायला धावू नका! तोही मग प्रीसेटच झाला.

बाकीचं थोडक्यात. कॅमेरा आहे तो पुरे. वर्षभर पन्नास एमएमची एकच लेन्स लावा. रॉमध्ये काढा. व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवा.

आणि एकच विषय धरा. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातला एक निवडा आणि वर्षभर तोच काढा, सकाळी, भर उन्हात, बाजार उठताना. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला गेलात तर अख्खी यात्रा नको. रुमालाखाली बोटं धरून जनावरांचा सौदा होतो, तेवढे हातच काढा. आधी दोन शब्द बोला, मग कॅमेरा वर करा.

वर्ष संपलं की निवडक फोटो छापून घ्या. मोबाइलवर नाही, कागदावर. जमिनीवर मांडा. कुणासारखे तरी वाटतात ते बाजूला काढा. उरलेल्यांत न ठरवता पुन्हा पुन्हा काय आलंय ते बघा. कुणाच्या फोटोत पाठमोरी माणसं येतील, कुणाच्या लांब सावल्या. तिथून पुढचं काम सुरू करा. दोन-चारच फोटो उरले तर? उरू द्या की! ते तुमचे आहेत.