दाबाखालचा वायू आणि खनिज तेल

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारचे शिवार ज्या काळ्या पाषाणावर पसरले आहे, तो बेसाल्ट लाव्हारसापासून घडलेला असल्याने त्यात खनिज तेल तयार होत नाही. मात्र तेथील सोयाबीन सॉल्व्हंट प्लँटमध्ये जाते, तेव्हा त्यातील तेल हेक्झेन या खनिज तेलाच्याच एका घटकात विरघळवून काढले जाते आणि नंतर उष्णता देऊन हेक्झेन उडवून लावले जाते. मिश्रणातील इच्छित पदार्थ विद्रावकाने ओढून घेण्याच्या या क्रियेस निष्कर्षण म्हणतात. खुद्द खनिज तेलातून हायड्रोकार्बने, म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे, अशीच काढावयाची झाल्यास मोठ्या दाबाखालील कार्बन डाय-ऑक्साइड विद्रावकाचे काम करतो, आणि त्याला वेगळे करण्यास केवळ दाब उतरवणे पुरते.

या वायूला 31 अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबले तरी त्याचा द्रव होत नाही, हे बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये मांडले. वैशाखातील दुपारी शेलूबाजारची हवाच त्याहून तापलेली असते. या तापमानाच्या वर दाब सुमारे 73 वातावरणांपलीकडे गेला, की वायूची घनता द्रवाच्या जवळ जाते, पण श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, वायूसारखीच अल्प राहते. या अतिक्रांतिक अवस्थेत तो हलकी हायड्रोकार्बने सहज विरघळवतो. दाब वाढवत नेला की अधिक जड रेणूही त्यात येऊ लागतात, आणि दाब टप्प्याटप्प्याने उतरवला की जड रेणू आधी व हलके मागाहून खाली बसतात. तरीही शुद्धीकरण कारखान्यांत ऊर्ध्वपातनाची जागा या पद्धतीने घेतलेली नाही, आणि तेथील जड गाळासाठीही प्रोपेन, ब्यूटेन यांनाच पसंती मिळते.

या पद्धतीचे खरे क्षेत्र जमिनीखाली आहे. खडकाच्या छिद्रांत अडकलेल्या तेलाशी हा वायू पुनःपुन्हा भिडतो, त्यातील मध्यम वजनाची हायड्रोकार्बने उचलून स्वतःच तेलासारखा होत जातो, तेल फुगवतो व पातळ करतो, आणि दाब पुरेसा असेल तर अखेरीस दोहोंमधील सीमाच नाहीशी होते. टेक्ससमधील सॅक्रॉक तेलक्षेत्रात 1972 पासून हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. मुंबई हाय येथे, जेथे 1974 मध्ये तेल सापडले व 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले, तेल रेटण्यासाठी पाणी सोडले जाते, परंतु पाणी तेलात मिसळत नसल्याने चुनखडकात बरेच तेल मागे राहते. तेथे वायू न्यावयाचा तर तो भर समुद्रात, कोरडा करूनच न्यावा लागेल, कारण ओलाव्याशी संयोग होताच त्याचे आम्ल बनून पोलाद झिजते. त्यामानाने गुजरातमधील जमिनीवरचे गंधार क्षेत्र सोयीचे, आणि कोयली कारखान्यातील वायू तेथे वापरण्याबाबत ओएनजीसी व इंडियन ऑइल यांच्यात 2019 मध्ये सामंजस्य करार झाला तो यामुळेच समजण्यासारखा आहे.

अडचण मात्र विद्रावकाच्या निवडक स्वभावातच आहे. अस्फाल्टीन नावाचे अतिजड रेणू त्यात विरघळत नाहीत, आणि तो तेलात शिरला की त्यांना तरंगत ठेवणारा समतोल बिघडून ते खडकाच्या छिद्रांतच साचतात. म्हणून प्रत्येक क्षेत्राचे तेल, वाळू भरलेल्या लांब, बारीक नळीतून वायूच्या दाबाखाली नेऊन, स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि गंधारला पुरणाऱ्या दाबाचा आकडा मुंबई हायला लावता येत नाही.