काच की ॲक्रिलिक? आधी खालच्या काकूंना विचारा

आज कोडिंग नाही, आज मासे.

आमच्याकडे एक ऑस्कर आहे. आणला तेव्हा दोन इंचांचा होता, आता जवळजवळ फूटभर झालाय. दोन फुटी टाकीत त्याला नीट वळताही येत नाही. हौसेनं मीच आणला, म्हणजे जागा देणंही माझंच काम. ठरवलं, पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी करायची. पण कशाची? काच की ॲक्रिलिक?

आमची बिल्डिंग जुनी, मजला तिसरा, लिफ्ट नाही. त्यामुळे मन ॲक्रिलिककडे झुकलेलं. १२ मिलिमीटर जाडी धरली तर काचेची रिकामी टाकी साधारण १०६ किलो, ॲक्रिलिकची ५०. शिवाय ॲक्रिलिक सहज तडकत नाही, साध्या काचेसारखी हिरवट झाकही नाही. मी खूश! एक्सेल शीट बाबांना दाखवली.

बाबा म्हणाले, "पाण्याचं वजन कुठे लिहिलंयस?"

पाणी ५६६ लिटर, म्हणजे ५६६ किलो! काच घ्या नाहीतर ॲक्रिलिक, स्टँड आणि वाळू धरून सातशेच्या वरच. आणि राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. आमच्या टाकीखाली एक चौरस मीटरही जागा नव्हती.

बाबांचा पुढचा प्रश्न, "खालच्या काकूंना विचारलंस?" त्यांचा पलंग बरोबर त्याच कोपऱ्याखाली. मी गप्प.

मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. ते म्हणाले, हॉलच्या मधे नको, बीमवर, भिंतीला लागून ठेवा आणि उंची दीड फूट करा. पाणी ४२५ लिटरवर आलं. गंमत म्हणजे पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, लांबीवर नाही. त्यामुळे समोरच्या काचेवरचा एकूण जोर सुमारे २८० किलोवरून १६० वर उतरला. ऑस्करला तशीही उंची नको, लांबी-रुंदी हवी.

आता मूळ प्रश्न. मी काच घेतली. ऑस्कर दगड ढकलत फिरतो, आणि ॲक्रिलिकवर चरे लगेच पडतात. शेवाळ घासताना स्क्रबरमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी पुरे. चरे पॉलिश करून काढता येतात, पण दर वेळी कोण करणार? जाड ॲक्रिलिक महागही पडतं. वजनातला फरक फक्त जिना चढवताना जाणवतो, त्यासाठी चार मित्र आणि वडापाव पुरतात.

तुम्ही वारंवार घर बदलत असाल, घरात चेंडू खेळणारी पोरं असतील किंवा गोलाकार टाकी हवी असेल, तर ॲक्रिलिक घ्या. फक्त अमोनिया किंवा अल्कोहोलवालं क्लीनर लावू नका, बारीक भेगा पडतात. आणि ॲक्रिलिक म्हणजे अभेद्य, असंही समजू नका. बर्लिनचं ॲक्वाडोम ॲक्रिलिकचंच होतं. डिसेंबर २०२२ मध्ये फुटलं आणि सुमारे दहा लाख लिटर पाणी वाहून गेलं.

आम्ही टाकी आधी तळमजल्यावर भरून आठवडाभर ठेवली. रोज सकाळी काकूच खाली वाकून जोड तपासायच्या. एक थेंब नाही. आता ऑस्करला संध्याकाळचा खाऊ त्याच घालतात.

तेव्हा मंडळी, टाकी कशाची ते नंतर ठरवा, ती कशावर उभी राहणार ते आधी बघा. भेटू पुढच्या भागात!