वाङ्निश्चय आणि वरात : यहुदी विवाहविधी व नवा करार



नव्या करारात विवाहाचे रूपक इतक्या ठिकाणी येते की, ते केवळ भाषेचे लेणे असावे असा वाचकाचा सहज ग्रह व्हावा. परंतु ज्या समाजात ते प्रथम उच्चारले गेले त्याचा विवाहविषयक कायदा डोळ्यांखालून घातला म्हणजे, पौल व योहान यांच्या मनात एक अगदी नेमकी कायदेशीर अवस्था होती असे मानणे भाग पडते. आज मला मुख्यतः तेवढेच मांडावयाचे आहे.

यहुदी विवाह दोन टप्प्यांनी पुरा होई. पहिला विधी 'एरुसीन' अथवा 'किद्दूशीन' आणि दुसरा, वधू वराच्या घरी जाण्याचा, 'निस्सुईन'. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी विधिसंग्रहाप्रमाणे पहिला विधी द्रव्याने, दस्तऐवजाने किंवा सहवासाने सिद्ध होतो. द्रव्य किती, या प्रश्नावर शम्मईचा संप्रदाय एक दिनार मागे, तर हिल्लेलचा संप्रदाय पेरूटा नावाच्या क्षुल्लक तांब्याच्या नाण्यावर समाधान मानी. रक्कम नाममात्र, पण परिणाम मात्र पक्का : त्या क्षणापासून ती मुलगी कायद्याने त्याची पत्नी, आणि हा संबंध तोडावयाचा तर सूटपत्रच लिहून द्यावे लागे. तथापि ती राही पित्याच्याच घरी. वराने मागणी केल्यापासून कुमारीला सिद्धतेसाठी बारा महिन्यांची व विधवेला तीस दिवसांची मुदत मिळे. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात योसेफ मरीयेला गुपचूप सोडून देण्याचा विचार करतो तो का, हे आपल्याकडील साखरपुड्याच्या कल्पनेने उमगणार नाही.

या व्यवहाराचा कणा म्हणजे 'कतुबा' हा करारनामा. कुमारीला 200 झूझ व विधवेला 100 झूझ हे त्याचे किमान मान असून, पतीची सर्व मिळकत त्या रकमेस तारण राहील असा दंडक शिमोन बेन शेताह याने घालून दिल्याचे परंपरा सांगते. तारण हा शब्द नुसता कागदावरचा नव्हता. मृत समुद्राकाठच्या एका गुहेत 1961 साली यिगाएल यादीन यांच्या उत्खननात बाबथा नावाच्या स्त्रीचे दप्तर सापडले. त्यात तिचा कतुबा आहे, आणि दुसऱ्या पतीच्या निधनानंतर आपला हुंडा व त्याने घेतलेले कर्ज यांच्यापोटी माओझा येथील त्याच्या खजुराच्या बागा ताब्यात ठेवून त्यांचे पीक तिने इ. स. 130 मध्ये विकल्याचा लेखही आहे. सवतीने त्यावर हरकत घेतली, हे ओघानेच आले! पुढे मध्ययुगात दोन्ही विधी एकाच दिवशी होऊ लागले आणि कतुबाचे वाचन त्यांच्या मध्ये आले. आपल्या कोकणातील बेने इस्राएलांच्या लग्नातही तो वाचला जातो.

आता रूपकाकडे वळू. देव हा पती व इस्राएल ही पत्नी, ही कल्पना होशेय, यिर्मया व यशया यांच्यापासूनची. तिला नवे वळण दिले ते पौलाने. करिंथकरांस लिहिताना तो स्वतःस वधूचे वाग्दान करणाऱ्याच्या जागी ठेवतो, आणि तिला शुद्ध कुमारी म्हणून ख्रिस्ताला सादर करण्याची चिंता वाहतो. म्हणजे मंडळी ही त्याच्या दृष्टीने एरुसीन झालेली, पण निस्सुईन व्हावयाची राहिलेली स्त्री आहे : बंधन पूर्ण, सहवास अपूर्ण. ख्रिस्ती धर्मशास्त्रात तारण 'झाले आहे' आणि 'व्हावयाचे आहे' अशी जी दुहेरी भाषा पंडितांना छळते, ती वाङ्निश्चित मुलीला मुळीच छळली नसती.

वरातीचा थाटही कथांतून डोकावतो. वराचा सोबती ('शोशबीन') लग्नाची सारी उठाठेव करी. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःस तोच मान घेतो, अधिक नाही. वधूवरांना मुकुट घालीत. परंतु रोमी सेनापती वेस्पासियनच्या युद्धकाळात वरांच्या मुकुटांना व ढोलाला, आणि पुढील युद्धांत अनुक्रमे वधूंच्या मुकुटांना व पालखीला बंदी झाल्याचे मिश्नात नमूद आहे. इ. स. 70 मध्ये यरुशलेम जळाले, लग्नाचे अलंकार शोकापायी उतरले, आणि नेमक्या त्या पिढीच्या आसपास प्रकटीकरणाचा कर्ता नवे यरुशलेम शृंगारलेल्या वधूप्रमाणे स्वर्गातून उतरताना पाहतो. यातला धीटपणा त्याच्या पहिल्या वाचकांना सांगावा लागला नसेल.

याउलट एक लोकप्रिय विवरण मला पटत नाही. वर पित्याच्या घरी खोली बांधी, ती पुरी झाल्याचे पित्यानेच ठरवावे, म्हणून लग्नाचा दिवस कोणालाच ठाऊक नसे, असे प्रवचनांतून रंगवून सांगतात. मिश्नात याला आधार नाही. उलट कुमारीचे लग्न बुधवारी व विधवेचे गुरुवारी, असा तेथे वारसुद्धा नेमलेला आहे. दहा कुमारींच्या दृष्टांतात दिवस अज्ञात नाहीच; तेल आणावे की नाही हा प्रश्न पडतो, कारण वराला रात्री उशीर होतो. दृष्टांताचा उपदेश असा की जागे राहा. त्याला पुष्टी देण्यासाठी कल्पित चालीरीती रचण्याची गरज नाही.

म्हणून येथे उपस्थित असलेल्या उपदेशकांना माझी विनंती एवढीच, की प्राचीन यहुदी चालींचा दाखला व्यासपीठावरून देण्यापूर्वी त्यांनी मिश्नातील किद्दूशीन आणि कतुबोत ही दोन प्रकरणे एकदा स्वतः वाचावीत.