डॉक वॉटसन आणि पहाडी गीतांचा वारसा

लोकगीत कोणा एकाचें नसतें, असें म्हणण्याची रूढि आहे. तथापि तें जगतें मात्र कोणा तरी एकाच्या कंठांत. अमेरिकेंतील डॉक वॉटसन (१९२३–२०१२) या अंध गायकाची १९६४ सालीं निघालेली पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका या गोष्टीची उत्तम साक्ष देते.

वॉटसन हा नॉर्थ कॅरोलायनांतील डीप गॅप या डोंगराळ गांवचा. तान्हेपणींच त्याची दृष्टि गेली. वडिलांनीं त्याला स्वहस्तें बॅंजो करून दिला. जुनीं कथागीतें घरांतच कानांवर पडलीं. पुढें मात्र प्रपंचासाठीं तो नाचाच्या कार्यक्रमांतून विजेची गिटार वाजवूं लागला. त्या वाद्यवृंदांत फिडल-वादक नसे. म्हणून फिडलच्या द्रुत गती त्यानें गिटारवर बसविल्या. १९६० सालीं राल्फ रिंझलर हा लोकसंगीताचा अभ्यासक तिकडे गेला, तेव्हां त्यानें वॉटसनला साध्या गिटारकडे व घरच्या गाण्यांकडे वळण्याचा आग्रह केला. नाचाचे पैसे ठरलेले होते. आजीच्या गाण्यांना कोणी दाम देईल याची शाश्वति नव्हती. तरीहि त्यानें तें साहस केलें.

या मुद्रिकेंतील बहुतेक गीतें पारंपरिक आहेत. 'ब्लॅक माउंटन रॅग' ही फिडलची गत गिटारवर ऐकतांना त्या नाचाच्या दिवसांची कमाई वायां गेली नाहीं, हें ध्यानांत येतें. ब्लूग्रास-मंडळींत गिटार तोंवर बहुधा साथीपुरतीच असे. क्लॅरेन्स व्हाइटसारख्या वादकांनीं वॉटसनपासून स्फूर्ति घेऊन तिला पुढें आणलें. 'डीप रिव्हर ब्लूज' हें गीत तर डेलमोर बंधूंच्या ध्वनिमुद्रिकेवरून आलेलें. ग्रामोफोनलाहि परंपरेंत असा वाटा मिळाला.

सर्वांत मननीय आहे तें 'टॉम डूली'. शेजारच्या विल्क्स परगण्यांत १८६६ सालीं लॉरा फॉस्टर या तरुणीचा खून झाला व १८६८ सालीं टॉम डूला याला फांशी देण्यांत आलें. १९५८ सालीं किंग्स्टन त्रयीनें हें गीत संथ चालींत गाऊन देशभर गाजविलें. वॉटसनचा पाठ निराळा, त्याची चाल लगबगीची. कारण त्याच्या घरीं ती शेजारपाजारची हकीकत होती. गाजलेल्या चालीचा मोह टाळून त्यानें आजीकडून आलेली चाल राखली. एरवीं ती डीप गॅपच्या घरांतच विरून जाती.