गाडीखालचं ओलं

नंदुरबारात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि त्याच उन्हात तळोद्याहून धडगावला निघालेली गाडी चांदसैलीचा घाट चढते. पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण भरलेली. रेडिएटरमधली बारीकशी गळती नेमकी इथंच उघडी पडते.

गाडीखाली ओलं दिसलं की आधी बोट लावून पाहा. साधं पाणी असेल, तर ते एसीचं; त्याची काळजी नको. हिरवट, गुलाबी किंवा निळसर, बोटाला बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल, तर ते कूलंट. ते विषारी असतं. चाखू नका, आणि लगेच धुऊन टाका, कारण कुत्री-मांजरं ते चाटतात.

गळती कुठून, हे शोधायला रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग जिथं, त्याच्या वरच्या बाजूला शोधा: होज पाइपचं टोक, क्लिप, वॉटर पंप. वाळलेल्या कूलंटची पांढरट-हिरवी पापडी तिथं हमखास सापडते. पुठ्ठा कोरडा, तरी कूलंटच्या टाकीतली पातळी रोज उतरतेय? मग सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो का, ऑइल दुधाळ झालंय का, ते पाहा. तसं असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि गाडी चालवूच नये.

एक कळकळीची विनंती. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, पण रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांहून तापलेलं पाणी असतं. झाकण सैल होताच ते तोंडावर उसळतं. निदान अर्धा-पाऊण तास सावलीत थांबा.